अपडेटचा मुहूर्त

काही ठिकाणी किस्से शोधावे लागतात, आमच्या ऑफिसात ते जिना चढून स्वतः येतात. शहरभरातल्या लग्नाळू पोरापोरींची माहिती एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरलेली, आणि तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला. मग काय व्हायचं? मैत्रिणी भेटल्या की भाजीचा भाव विचारावा तसं विचारतात, "काय गं, या आठवड्यात तुमच्या मशीनला काय झालं?"

मी गुलमंडीतल्या एका वधू-वर सूचक केंद्रात ऑपरेटर आहे. खाली कापडाचं दुकान, वर आमची खोली. माणसं तीन. मालक बापू, फोन घेणाऱ्या सुनंदामावशी आणि पुंडलिकनगरहून स्कूटीवर धूळ खात येणारी मी.

बापूंचे दोन नियम. पहिला, मुलीचा फोटो आणि नंबर या खोलीबाहेर जाणार नाही. पूर्वी फोटो कपाटात असायचे आणि चावी बापूंच्या करगोट्याला. आता फोटो कॉम्प्युटरमध्ये गेले, आणि याची चावी कुठं बांधायची ते बापूंना कळेना. "एक जरी फोटो भलत्याच्या हाती लागला ना, तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?" असं ते खरोखर घाबरून म्हणायचे. त्यात चेष्टा नव्हती.

दुसरा नियम, कुणालाही स्थळ दाखवायच्या आधी त्याची स्वतःची माहिती घ्यायची. नाव, गाव, शिक्षण, नोकरी आणि मामाचा नंबर. मामाचा नंबर नाही तर पुढची बोलणी नाही. "बाप पोराची तारीफच करणार. मामाला विचारा, मामा खरं सांगतो!" हे बापूंचं ब्रीदवाक्य.

आता एवढ्या कडक घरात चोर शिरले कुठून? तर पत्रिकेतून! मावशी फुकटात गुण जुळवून देणाऱ्या वेबसाइटी उघडायच्या. छत्तीस गुण कळायच्या आधी बहात्तर जाहिराती उघडायच्या.

*

एक दिवस पाहते तर स्क्रीनच्या कोपऱ्यात पाट्यांची रांग. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे.' 'तुम्ही आजचे भाग्यवान विजेते आहात.' 'पोट सपाट करा.' एक गेली की दुसरी हजर.

"मावशी, तुम्ही काय दाबलं?"

"काय नाय गं. ते विचारत होतं, परवानगी देता का म्हणून. मी दिली."

"सगळ्यांना?"

"मंग? दारात आलेल्याला नाय कसं म्हणायचं?"

त्यांचंही चुकलं नाही म्हणा. आमच्या धंद्यात 'नाही' हा शब्दच नाही. मुलगा कितीही टाकाऊ असो, तोंडावर नाही म्हणायचं नाही, 'कळवतो' म्हणायचं. मावशींची सगळी हयात 'कळवतो' म्हणण्यात गेली. आणि त्या पाटीवर बटणं दोनच, परवानगी द्या आणि नाकारा.

मी एकेक परवानगी काढून टाकत होते, तर मावशी मागून हळहळल्या, "त्याच्यात 'कळवतो'चं बटण काऊन ठेवत नाय गं हे लोक?"

*

याच्या पुढचा किस्सा सांगताना मला आजही घाम फुटतो.

शेंद्र्याचे एक पाटील मुलासाठी स्थळं बघायला आले होते. भारदस्त माणूस. थोडी जमीन कारखान्यांना गेली, थोडी राहिली, मिशा मात्र सगळ्या राहिल्या. बापूंनी गुण जुळवायला वेबसाइट उघडायला लावली. मी एक बटण दाबलं आणि पान आपोआप भलतीकडंच उडालं. स्क्रीनभर बायकांचे फोटो! वर मोठ्या अक्षरांत, 'तुमच्या परिसरातल्या एकाकी स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत.'

मी बंद करायला धडपडतेय, आणि ते पान बंद केलं की दोन उघडतायत.

बापूंनी चष्मा नाकावर घेतला, नीट वाचलं आणि रागानं मावशींकडं वळले. "ही स्थळं आपल्याकडं कुणी पाठवली? फोटो हाय, पण शिक्षण नाय, गाव नाय, मामाचा पत्ता नाय! अशी अर्धवट माहिती घेतली कशी?"

मावशी बिचाऱ्या म्हणाल्या, "मी नाय घेतली."

मी वायर ओढायला टेबलाखाली वाकले. तेवढ्यात वरून पाटलांचा आवाज आला, एकदम समजूतदार:

"राहू द्या की बापू. तीन किलोमीटरवर हायत म्हणतंय. जायला-यायला बरं पडंल."

*

पुढं एक बुधवार आला. मी बँकेत गेले होते. मागं मावशी एकट्या कॉम्प्युटरवर, आणि समोर आली पाटी: 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. ताबडतोब अपडेट करा.' खाली हिरवंगार बटण आणि उलटे पळणारे सेकंद.

ही असली पाटी खोटी असते. एखाद्या वेबसाइटीनं मध्येच येऊन सांगायचं नसतं की ब्राउझर जुना झाला. बटण दाबलं की अपडेट येत नाही, चोर येतो. हे मी दोघांनाही शंभरदा सांगितलं होतं, आणि दोघांनीही शंभरदा "व्हय व्हय" म्हटलं होतं.

मावशींचं बोट माउसवर गेलंच होतं. बापू ओरडले, "थांब! राहुकाळ चालू हाय. दीडपर्यंत नवीन काय चालू करायचं नाय."

"अहो, पण हे लई घाई करायलंय. सेकंद मोजायलंय."

"मोजू दे."

सेकंद संपले. पाटी थोडा वेळ थयथयाट करून निघून गेली. मी आले तेव्हा बापू शांतपणे चहा पीत होते. मला म्हणाले, "गेलं ते. खरं स्थळ असतं तर दीडपर्यंत थांबलं असतं. ज्याला एवढी घाई, त्याच्यात कायतरी खोट असती."

माझा जो जळफळाट झाला! मी बुद्धविहारामागच्या गल्लीत वाढलेली. आमच्याकडं लग्नसुद्धा रविवारची सुट्टी बघून लागतं, राहुकाळ बघून नाही. आणि माझ्या शंभर व्याख्यानांनी जे झालं नाही ते राहुकाळानं करून दाखवलं. त्या दिवसापासून बापू आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या कॉम्प्युटरला पंचांग लावलेलं हाय."

*

शेवटी मी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: 'मला विचारल्याशिवाय काहीही दाबू नये.'

नेमकं दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरचं खरं अपडेट आलं. एकदम सभ्य. आवाज नाही, घाई नाही, बक्षीस नाही. निळ्या पडद्यावर एवढंच, 'अपडेट चालू आहे, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.'

मी जिना चढून येईपर्यंत बापूंनी वायर उपटून हातात धरली होती, साप मारल्यासारखी. "आला होता पुन्हा! ह्या बारीला सोडला नाय मी त्याला!"

मशीन दुरुस्तीला गेलं. फोटो वाचले, पण ते परत येईपर्यंत केंद्र मावशींच्या आठवणीवर चाललं. मी डोकं धरून बसले, तर मावशी शेंगा सोलत म्हणाल्या, "लग्नात तरी काय येगळं असतं गं? गोडबोल्याला लोक पोरगी देत्यात, आन् सरळ माणसाला दारातून परत लावत्यात."

*

आणि आता तो शेवटचा.

मी खाली झेरॉक्स काढायला गेले होते. वर येताना जिन्यातच भोंगा ऐकू आला. कॉम्प्युटर बोंबलत होता! स्क्रीन लालभडक: 'तुमची सगळी माहिती चोरली जात आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. खालच्या नंबरवर फोन करा.' मावशी भिंतीला चिकटलेल्या. आणि बापूंनी नंबर लावलेलासुद्धा! स्पीकरवर एक पोरगा गोड हिंदीत बोलत होता.

"सर, घबराइए मत. मैं विक्रम बोल रहा हूँ. एक ऐप डाल दीजिए, फिर मैं आपकी स्क्रीन देख सकूँगा."

सगळ्या मुलींचे फोटो, सगळे नंबर! मी वायरीकडं झेपावले, तर बापूंनी हात आडवा केला.

"स्क्रीन दिखाने का? उसमें लड़कियों के फोटो हैं. ऐसे कैसे दिखाऊँ? पहले तुम्हारी मालूमात बोलो. पूरा नाम?"

"सर, टाइम नहीं है..."

"नाम बोलो. वालिद का नाम? गाँव?"

"दिल्ली, सर."

"दिल्ली में कौनसा गाँव? पढ़ाई? तनख्वाह? मामा कहाँ के?"

"मामा कशाला पाहिजे काका?"

चक्क मराठी! भोंगा वाजत होता, आणि आम्ही तिघंही मोबाईलकडं बघत राहिलो.

बापूंचा चेहरा खुलला. "अरे! तू तर आपल्याकडचा निघाला की! जालन्याकडचा का रं?"

मग बारीक आवाज आला, "भोकरदनकडचा."

"शिक्षण?"

"बीएस्सी."

"बीएस्सी होऊन हे धंदे? घरी काय सांगितलंय?"

"आयटीत हाय म्हणून."

"मामाला म्हाईत हाय?"

तिकडून नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दे मामाचा नंबर. मंग तू म्हणशील तेवढी स्क्रीन दाखवतो."

पोरानं आवाज आणखी खाली आणला. शेजारच्याला ऐकू जाऊ नये असा. "काका, भोंगा खोटा हाय. काय चोरी झाली नाय. बटण दाबून कॉम्प्युटर बंद करा. आन् परत कुणी मागितलं तर स्क्रीन दाखवू नका." फोन कट.

मी बटण दाबलं. भोंगा थांबला. परत चालू केलं तर सगळे फोटो जागच्या जागी. मी वळून बापूंना काहीतरी टोचून बोलणार होते. पाहते तर ते स्क्रीनला चष्मा टेकवून एकेका मुलीचा फोटो मोजत होते. हा माणूस भोळा की बेरकी हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवशी मला त्यांची फार माया आली. मी गुपचूप चहा सांगितला.

दिवाळी झाली. लग्नसराई सुरू झाली, जिन्यावर चपलांचा ढीग. अशाच एका बुधवारी दुपारी बापूंचा मोबाईल वाजला. मावशींनी घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"मामाचा नंबर मागणारे काका हायत का? मी विक्रम. म्हणजे विक्रम नाय, ते जाऊ द्या. ते काम सोडलं मी. आता शेंद्र्याला कंपनीत हाय. मामाचा नंबर लिहून घेता का?"

मावशींनी तोंडाला पदर लावला. मी बापूंकडं पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि टोपण परत लावलं.

"दीडनंतर कर रं बाळा. राहुकाळ चालू हाय."