एल वाढताना

इथे अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरला थंडी पडली की म्हातारी माणसं घरात कोंडली जातात. लेक-जावई कामाला, नात शाळेत. मला आधार तो बुधवारचा. जवळच्या चर्चने तळघरातला हॉल आम्हा मराठी बायकांना असाच वापरायला दिलाय. तिथे आम्ही भजनं म्हणतो, पत्ते कुटतो, एकमेकींची गाऱ्हाणी ऐकतो. तर गेल्या वर्षी त्या हॉलचं हीटिंग मोडलं. दुरुस्तीला पैसे जमले नाहीत तर हिवाळाभर हॉल बंद, असं चर्चचं काम बघणाऱ्या बाईंनी सांगितलं.

बाईंनीच मग एक जुनी रीत काढली. इंग्लंडात म्हणे पूर्वी चर्चसाठी एल करायचे, म्हणजे बिअरच एक प्रकारची. सगळा गाव जमून ती प्यायचा आणि आलेल्या पैशांत चर्चचं छप्पर दुरुस्त व्हायचं. आता बघा, देवाच्या कामाला बिअर! मी जन्मात तिला हात लावला नव्हता. पण बाईंचं म्हणणं, न पिणारं माणूसच वाढायला बरं. झालं, कार्यक्रमाच्या दिवशी एलने भरलेला जग माझ्या हाती आला.

प्रत्येक मगाचे पैसे पाटीवर लिहिले होते, ते घ्यायला दाराशी डबा घेऊन माझी नात. मला मात्र सवय पंगतीची. कुणाचा मग अर्धा झाला की मी हजर, "घ्या हो थोडी, एवढ्याशाने काय होतंय?" तेही मराठीतच. माणसं नको नको म्हणत हातातला मग पुढे करायची, अगदी आपल्यासारखीच.

बऱ्याच वेळाने नातीने माझा पदर ओढला.

"आजी, इट्स नॉट फ्री. परत दिलं की परत पैसे घ्यायचे असतात."

ज्या हॉलसाठी हा खटाटोप, त्याचीच एल मी फुकट वाटत सुटले होते. बाईंसमोर जग ठेवला, सॉरी म्हटलं. त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. घरी निघालेली माणसं डब्यापाशी थांबून आपणहून पुन्हा पैसे टाकत होती. एक उंच म्हातारेबुवा माझ्याशी काहीतरी बोलले, नातीने मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, आई गेल्यापासून त्यांना असं कुणी आग्रहाने वाढलं नाही."

हीटिंग झालं. यंदा पुन्हा एल केली, तेव्हा बाईंनी पाटी लावलीच नाही, नुसता डबा ठेवला. आणि जग माझ्याकडेच दिला. परवाच्या बुधवारी हॉलमध्ये इतकं ऊबदार होतं, की मी शाल काढून खुर्चीवर टाकली आणि पत्ते पिसायला घेतले.