न बोललेला नवस

मिश्रीची डबी माझ्या आईनं दिल्याली. पितळंची, झाकनाला पोचा पडल्याली. ती आमच्या ह्यांनी भिंगारच्या नाल्यात भिरकावली आन् मला म्हनले, "भागिरथे, देवाला शबूद दिलाय आपुन. मिश्रीबी तंबाखूच." आमाला ह्या धरमात घेनाऱ्या गोऱ्या साहेबाला बिचाऱ्याला मिश्री म्हंजी काय त्ये ठावं न्हवतं. त्यानं चहा, बिडी आन् दारू येवढंच सोडायला सांगितलं हुतं. मिश्री ह्यांनी सोताच्या डोस्क्यानं धुंडून काढली. कैक दिस माझं कपाळ ठनकत हुतं, हिरड्या सळसळत हुत्या, कामात ध्यान लागंना. ह्ये येवढं आधीच सांगून ठिवते, म्हंजी म्होरं माझा राग बघून कुनी मला वंगाळ म्हनायचं न्हाई.

आमचे ह्ये, रंगनाथ, बोअर पाडायच्या गाडीवर डायवर. सत्तर सालच्या आसपास अमेरिकेचा ह्यो साहेब आपल्या जिल्ह्यात बोअर पाडायला आल्ता, त्याच्या हाताखाली. साहेब मॉर्मन हुता. किरिस्तावच म्हना, पर नगरातल्या चर्चात जायाचा न्हाई. रविवारी घरीच बायकू-पोरं घिऊन प्रार्थना करायचा. त्याच्या मडमीकडं मी धुनंभांडं करायची. एकदा सहज इचारलं, लेकरं किती तुमाला? ती मोडक्या हिंदीत म्हनली, चार. मला तर घरात तीनच दिसत हुती. चवथं लहानपनीच गेल्यालं. मेल्यालं लेकरू मोजनारी बाई म्या पयल्यांदा बघितली.

माझी बायडा पाच वरसांची असताना गोवरात गेली. त्येच्यामागं कुनी इचारलं की मी एकच लेक सांगायची, थोरली छबू. गेल्याली पोर कोन मोजतंय? पर मडमीनं मला बसवून समजावलं. म्हनली, आमच्यात नवरा-बायकू देवाच्या मंदिरात कायमची बांधली जात्यात, आन् त्येंच्यासंगं त्येंची लेकरंबी. मरनाच्या पल्याडबी घर एकच ऱ्हातं. मंदिर लांब हाय, परदेशात. पर शबूद पाळून ऱ्हायलात तर कवातरी जायाची सोय हुईल. तवर दोघांनी नेमानं वागायचं. दोघांनी, म्हनली, एकट्यानं न्हाई. मी घरी आले आन् बायडाचं झबलं पोटाशी धरून ढसाढसा रडले. कितीतरी सालांनी मला बरं वाटलं हुतं.

साहेबानं एका मळ्यातल्या हिरीत बाप्तिस्मा म्हनून आधी ह्यांना बुडवलं, मग मला. लोकांच्या बोलीत आमी बाटलो. म्होरल्या साली साहेबाची बदली झाली आन् आख्ख्या भिंगारात मॉर्मन म्हनून आमी दोघंच उरलो. रविवारी दाराला कडी लावून प्रार्थना करायचो. महिन्याच्या पयल्या रविवारी उपास, त्योबी पान्याचा घोट न घेता. बहात्तरला पाऊस पडला न्हाई तवा शेजारीन तोंडावर म्हनली, "तुमच्यावानी देव सोडनारी मानसं हायती, मग कसा पडंल?" मी ऐकून घेतलं. ह्ये संगं हुते, मग मला कुनाची भीती?

पर छबूच्या लग्नाचं घोडं पेंड खायला लागलं. श्रीगोंद्याची चांगली सोयरीक आल्ती, ती 'घर बाटलंय' म्हनून मोडली. त्या दिशी छबू चुलीम्होरं बसून म्हनली, "आई, तुला बायडाची लई काळजी. माझी कवा करनार?" पोर खोटं बोलत न्हवती.

मग राहात्याचं स्थळ आलं. पोराचा बाप गहिनीनाथ म्हनून, बाजारात कांद्याची आडत हुती त्येंची. बोअरच्या गाडीवरनं ह्येंचं तिकडं जानं-येनं, त्यातनं वळख झाल्याली. पोरगा निर्मळ हुता, घर खाऊनपिऊन सुखी. बैठकीला जाताना एश्टीत ह्ये म्हनले, "तिथं धरमाचं काय काढू नगंस."

"काढत न्हाई," मी म्हनलं. "पर चहाला मी शिवनार न्हाई."

"म्या तरी कुठं शिवतो?" ह्ये म्हनले. "दोघंबी दूध मागू."

बैठक झकास जमली. गहिनीनाथांच्या मालकीन, रतनबाई, बोलघेवडी बाई. मला जवळ वढून इचारलं, "इहीनबाई, लेकरं किती तुमाला?" माझ्या व्हटावर 'दोन' आलं हुतं. तेवढ्यात ह्ये पलीकडनं म्हनले, "येवढी एकच. छबू." बायडाला ह्येंनी मोजलंच न्हाई. तरीबी मनाला समजावलं, सोयरिकीपायी बोलले असतील.

सुपारी फुटली. रतनबाई चहाचं ताट घिऊन आल्या आन् त्यातला एक कप उचलून ह्येंच्या म्होरं ठिवला. "ह्यो तुमचा, रंगनाथराव. आलं जादा घातलंय. न्हाईतर दर बाजारी म्हनता, वैनी, आलं कमी पडलं."

दर बाजारी. ह्येंनी बशीत वतला, फुंकला आन् सुर्रकन् वढला. दोन सालं न शिवल्याला मानूस असा वढत न्हाई. माझ्याकडं त्येंनी बघितलंच न्हाई.

मग माझ्या म्होरं कप आला. मी हात जोडले, म्हनलं, "मी घेत न्हाई." सुपारी फुटल्यावर पोरीची आई चहा नगं म्हनती, म्हंजी काय? गहिनीनाथांच्या कपाळाला आठी पडली.

"आज उपास हाय तिचा," ह्ये म्हनले.

"आवो, उपासाला चहा चालतो की," रतनबाई हसल्या. "आमी तर उपासालाच जादा पितो."

घ्या. पानी न घेता उपास करून करून ह्येंना लोकांचा उपासच इसरायला झाल्ता. आता गप बसावं का न्हाई? तर म्हनले, "न्हाई, तसं न्हाई. छबूच्या लग्नापायी तिनं चहा सोडलाय. नवस बोललीया."

असा नवस म्या जन्मात बोलले न्हवते. रतनबाईंचं तोंड फुललं. "मग झालं की! सुपारी फुटली, नवस फिटला. आता माझ्या हातनं सोडा." आन् त्येंनी बशी माझ्या व्हटाला लावली. समदी बैठक कवतिकानं बघत हुती. मी ह्येंच्याकडं बघितलं. ह्येंनी डोळ्यानंच खुनावलं, पी.

एका बाजूला बायडा, दुसऱ्या बाजूला छबू. आन् ज्येच्या भरवशावर मी बायडा परत मागत हुते, त्यो मानूस आलं जादा घातल्याला चहा पीत बसल्याला. मी प्याले. लई गोड हुता. बायकांनी मला कुकू लावलं.

परतीच्या एश्टीत कोपरगावच्या एका म्हाताऱ्यानं जागा दिली म्हनून दोघं शेजारी बसलो. ह्ये हळूच म्हनले, "देव समजून घेतो गं."

"देवाचं देव बघंल," मी म्हनलं. "तुमी माझी डबी कशापायी फेकली?"

त्येंनी डबीचं सोडून चहाचं काढलं. म्हनले, "गाडीवर झोप येती, म्हनून थोडाथोडा घेत हुतो. तुला वाईट वाटंल म्हनून सांगितलं न्हाई." म्हंजी माझ्यावर उपकारच.

लगीन झालं. छबू सुखात हाय, सासू तिला जीव लावती, आन् माझ्या नवसाची गोष्ट सगळ्या राहात्याला सांगती. ह्ये आता घरीच चहा मागत्यात, चोरून कशाला म्हनत्यात. मी करून देते. आलं ठेचताना जरा जोर लागतो. रविवारी कडी लावून मी एकटीच बसते, आन् चहाला परत शिवले न्हाई.

मडमीचं बोलनं तेवढं डोस्क्यातनं जात न्हाई. आधी नवरा-बायकू कायमची बांधायची, मग लेकरं. म्हंजी मला बायडा पायजे तर ह्यो मानूस मरनाच्या पल्याडबी गळ्यात घ्यायचा. बायडासाठी मी त्येबी करीन. पर तिथं पोचल्यावर, ती पोर समोर उभी असताना, मी ह्येंना पयलं इचारनार हाय, लेकरं किती तुमाला?