मंगळवारचे काळे तुकडे

संख्याशास्त्र शिकलेली सुमेधा परतूरच्या एका आरोग्य संस्थेत आकडेवारीचे काम पाहायची. मंठ्याजवळच्या तिच्याच गावात संस्थेचा छोटा दवाखाना होता. तिची आई बेबीनंदा रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच आणायची. सुमेधाच्या हिशेबात मात्र तिथे दिवसाला सरासरी नऊच रुग्ण निघाले. व्यवस्थापक अप्पाराव म्हणाले, "एवढ्यावर दवाखाना परवडत नाही. बैठकीत बंदचा ठराव ठेवू."

सदस्यांना वर्षाचे चित्र एका नजरेत दिसावे म्हणून सुमेधाने गोधडी करायचे ठरवले. एक दिवस म्हणजे एक तुकडा, एक आठवडा म्हणजे एक ओळ, आणि रुग्ण जास्त तितका रंग गडद. शिवायचे काम आईकडे आले.

"माझा दवाखाना बंद करायला माझ्याच हातानं गोधडी शिवून घेऊन राह्यली," बेबीनंदा म्हणाली. "बराबर शिकलीस."

दुसऱ्याच ओळीत तिची सुई थांबली. "हितं कोणता तुकडा लावू?"

"त्या दिवसाची नोंद न्हाई. सोडून दे."

"सोडून कसं देऊ? भोक पडंल की."

संगणकावर सुमेधाने नोंद नसलेले दिवस सरळ वगळले होते. तिथे भोक पडत नव्हते. तिने नोंद नसल्याची खूण म्हणून काळे कापड काढून दिले.

गोधडी निम्मी झाली तेव्हा काळे तुकडे एकाखाली एक, एकाच रांगेत उतरलेले दिसले.

"हा तर मंगळवार," बेबीनंदा म्हणाली. "बाजाराचा दिवस. दवाखान्यात लई गर्दी असती, मी तर त्या दिशी जातच न्हाई."

सुमेधाने दवाखान्यातल्या नर्स वंदनाताईंना फोन लावला. "ताई, मंगळवारच्या नोंदी का नसतात?"

"पाणी प्यायला टाइम न्हाई, मंग नोंदी भरायचा टॅबलेट कधी हातात घेऊ? औषधाच्या चिठ्ठ्या ठेवल्यात. या अन् मोजा."

सुमेधाने जाऊन मोजल्या. सर्वांत गडद रंग मंगळवारचाच निघाला. वगळलेले दिवस धरून तिने अहवाल नव्याने केला आणि चूक आपली होती हे अप्पारावांना सांगितले. तेव्हापासून सरासरी काढण्याआधी ती कोरे दिवस रंगवून बघते.

बैठकीत दवाखाना बंद न करता आठवड्यातून तीन दिवस चालू ठेवायचे ठरले. मंगळवारी वंदनाताईंच्या मदतीला आणखी एक नर्स मिळाली. गोधडी कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली आहे, असे सुमेधाने घरी सांगितले.

"भिंतीला थंडी वाजती का?" बेबीनंदा म्हणाली. "घरी आण ती."