दोन सीटांची मोटार

नातू आणि त्याचे मित्र अंगणात एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार दुरुस्त करताहेत. पेट्रोलच्या वासाने मला साठ-एकसष्टचं अकोला आठवलं. ह्यांनी तिघा मित्रांबरोबर दोन वर्षं रविवारी खपून एक भंगारातली, दोन सीटांची मोटार चालू केली होती.

ती चालू झाली त्या दिवशी हे म्हणाले, "चाल, मूर्तिजापूरले जाऊन येऊ. पयले तूच बस."

दर रविवारी ह्या चौघांचा स्वयंपाक करून मी थकले होते. "मले नाई होत. तुमी जा."

हे एका मित्राला घेऊन गेले. वाटेत इंजिन कायमचं बसलं. मोटार बैलगाडीला बांधून आणावी लागली. रविवारचा तो रगाडा संपला म्हणून मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. हे पाने-पकडी पुसून हत्यारांच्या पेटीत भरत होते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.