पुळणीवरून चालत गेलेले घर

पुष्कळ गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या चोराने कुठली कौले काढली हे सांगायला बसलो, तर दोन खटल्यांची खिचडी होईल. एक फिर्याद मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. ती घर चोरीला गेल्याची फिर्याद होती.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी दापोली तालुक्यात फौजदार होतो. भातझोडणी आटपली होती आणि ठाण्यात काम बेताचे होते. सकाळची हजेरी झाली, गस्तीवरच्या शिपायांनी काही घडले नाही असे नेहमीच्या आळसावलेल्या आवाजात सांगितले, आणि मी चहा मागवणार तोच एक गृहस्थ घामाघूम होऊन आत आले. हर्णे आणि बुरोंडीच्या मधल्या एका गावात त्यांचे घराणे होते. मासेमारीचे स्वतःचे मचवे होते, जमातीत वजन होते.

"साहेब, घर गेला," ते म्हणाले.

जमादाराने विचारले, घरातून काय काय गेले?

"घरातून न्हाय. घरच गेला. काल मी दापोलीला होतो. परतून बघतो तं जागा मोकळी."

आमचा जमादार भला माणूस, पण त्याला हसू आवरत नसे. तो भिंतीकडे तोंड करून हातकड्या नीट लावू लागला. मी फिर्यादीला पाणी दिले आणि एकेक प्रश्न विचारला. घर कुणाचे? धाकट्या भावाचे. भाऊ कुठे? दोनेक महिन्यांपूर्वी वारला. मग घरात कोण राहत होते? त्याची बायको. ती कुठे आहे? "ती पन गेली."

फिर्यादी ऐकून ऐकून मला एक गोष्ट कळली होती. माणूस जे आधी सांगतो, तेच त्याचे खरे हरवलेले असते. इथे घर आधी आले आणि भावजय विचारल्यावर आली. ते मी मनात ठेवले आणि निघालो.

वाटेत बाकीची हकीकत समजली. धाकटा भाऊ आगबोटीवर खलाशी होता. जावा बेटाच्या एका बंदरात तो तापाने पडला, बोट त्याला टाकून पुढे गेली. बोटीला भाजी पुरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला बैलगाडीत घालून आपल्या गावी नेले. ताप उतरला, पण हा काही परतला नाही. म्हाताऱ्याच्या मुलीशी निकाह लावून तिथेच राहिला. पुढे कित्येक वर्षांनी आईच्या शेवटच्या आजारात आला, तो बायकोला घेऊन आणि घर घेऊन.

"घर घेऊन?" मी पुन्हा विचारले.

हो. खांब, तुळया, बांबूच्या तट्ट्या, सगळे सुटे करून, खुणा घालून. आगबोटीने मुंबईपर्यंत आणि तिथून मचव्याने बंदरात. जावा म्हणजे मला फक्त साखरेच्या पोत्यांमुळे ठाऊक असलेले नाव. तिकडून माणसे घरे घेऊन येतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

जागेवर गेलो. समुद्रकाठच्या वाळूच्या पुळणीला लागून माडांचे आगर होते आणि माडांच्या मधोमध एक चौकोन मोकळा होता. त्या चौकोनात पाला पडलेला नव्हता, ही घराची पहिली खूण. पंचांना बोलावून पंचनामा सुरू केला. आपल्याकडे शेतातल्या साध्या मांगराचा, झोपडीचा खांबही हातभर जमिनीत गाडतात. इथे एकही खड्डा नव्हता. ओळीने बसवलेले सपाट दगड होते, वर खांबाच्या बुडाचे गुळगुळीत वर्तुळ. घर जमिनीत रोवलेले नव्हतेच. पाटावर कळशी ठेवावी तसे ते दगडांवर ठेवलेले होते. हे मी पंचनाम्यात ठळक लिहून घेतले. का लिहिले, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते.

आगर ओलांडून पुळणीवर आलो आणि जमादाराचे हसू थांबले. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, पावलांचे दोन पट्टे गेले होते. दोन्हीकडे मोठी, खोल रुतलेली, ओझ्याची पावले. आणि मधल्या रिकाम्या जागेत, अगदी मध्यावरून, एकाच माणसाची लहान अनवाणी पावले. ती खोल नव्हती. त्या माणसाच्या डोक्यावर काही नव्हते, त्याला कोणी ओढतही नव्हते. अंगणात फिरावे तशी ती निवांत चालली होती. उजव्या हाताला समुद्र, डावीकडे माड, आणि पुढे वाळूवर ती पावले. मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. खडकाळ कातळ सुरू झाला तिथे सगळ्याच खुणा संपल्या.

गावात चौकशी केली. कोणी काही पाहिले नव्हते. पुरुष म्हणाले, आम्ही हर्णेला मासळीच्या लिलावाला होतो. बायका म्हणाल्या, आम्ही विहिरीवर होतो. एक आजोबा समुद्राकडे बघत म्हणाले, चालत गेला असंल. गावातल्या एकाने पाहिले नाही, तर समजावे तो तिथे नव्हता. साऱ्या गावाने पाहिले नाही, तर समजावे सारा गाव तिथे होता. फिर्यादीचा मात्र तोल सुटत चालला होता. भावजय परमुलखातली, तिनेच माणसे लावून घराचे सागवान विकले, तिला धरा, असे ते मला बजावू लागले. मी म्हणालो, आधी घर सापडू द्या.

दोन दिवस असेच गेले. मग ठाण्याच्या ओट्यावर एक म्हातारी कोळीण सुक्या मासळीची पाटी उतरवून बसली. मासळी घ्या म्हणाली नाही.

"फौजदार, तुमी घर शोधताव ना? सांजच्याला बुरोंडीच्या अंगाला लाकडाचा आवाज येतो. त्या आवाजाच्या मागनं जावा."

तुम्हाला कसे माहीत, असे मी विचारले.

"घर ठेवलाय ती जागा माझीच हाय. लपवायचा असता, तं आवाज कशाला काढला असता? तुमी येऊन बघा आन् लिवून घ्या. दुसरा कोन येन्याआधी."

त्याच दिवशी ऊन कलल्यावर आम्ही गेलो. म्हातारी पुढे, मी मागे, जमादार त्याच्या मागे. कातळ उतरताना तो आवाज आला. टक्, टक्, टक्. पोकळ, मऊ, एकसारखा. आणि माडांच्या सावलीत ते घर उभे होते. एका खणाचेच, पण उतरत्या छपराचे, कोरीव खांबांचे, बारीक विणीच्या बांबूच्या भिंतींचे. जणू तिथेच उगवले होते. छपराच्या कडेला लाकडाचा एक पोकळ ओंडका टांगलेला होता. दाराच्या आतून एक बारीक हात आणि एक काठी बाहेर येई, ओंडक्यावर पडे आणि परत आत जाई. पाऊल बाहेर येत नव्हते.

बाई इद्दतीत होती. मुसलमान समाजात नवरा वारल्यावर विधवेने चार महिने आणि वर काही दिवस घरातच राहायचे असते, परक्या पुरुषापुढे यायचे नसते. म्हणून मी बाहेर घोंगडीवर बसलो, म्हातारी आत तिच्याजवळ बसली, आणि जबाब बांबूच्या भिंतीतून झाला. आयुष्यात मी खूप जबाब घेतले, पण भिंतीतून गाळून आलेला तो एकच. तिच्या बोलण्यात आमच्या किनाऱ्याचीच बोली होती, फक्त चाल संथ, पाण्यात पाय टाकत आल्यासारखी.

घर कुणाचे, हा माझा पहिला प्रश्न. तिच्या बापाचे. त्याने तिला दिलेले. नवऱ्याचे नव्हे, दिराचे तर नव्हेच.

मग मी तिच्या गावाबद्दल विचारले. खरे तर तपासाला तेवढे पुरे होते, पण मला ऐकायचे होते. ती सांगत गेली. तिच्या गावावर एक डोंगर आहे, तो कधीकधी धूर सोडतो आणि कुणी वर बघत नाही. शेते पायऱ्यांसारखी उतरतात, वरच्या शेताचे पाणी भरले की खालच्यात पडते, त्यामुळे निजतानाही पाण्याचा आवाज कानात असतो. गाव बांबूच्या बेटात दडलेले, बाहेरून जाणाऱ्याला नुसते रान दिसावे. माणसे बाजारी जातात ती खांद्यावर कावड घेऊन. लांब जायचे तर घुंगरांची बैलगाडी, गाडीवान पेंगतो आणि बैल आपली वाट चालतात. भाताची जमीन साऱ्या गावाची, आळीपाळीने कसायची. आपले असे काय? तर लावलेले झाड आणि बांधलेले घर. एखादे कुटुंब दुसऱ्या वाडीत जायला निघाले की ओंडका वाजवायचा. गाव जमते, खांबांना बांबू बांधते, घर खांद्यावर उचलते आणि नेऊन ठेवते. मजुरी कोणी मागत नाही. नव्या जागी पहिली चूल पेटली की उचलणाऱ्यांना हळदीचा भात वाढायचा, झाले.

ऐकता ऐकता ऊन कधी पिवळे झाले ते कळले नाही. जमादारही लिहायचे थांबून गालाला हात लावून बसला होता. मी त्याला हटकले नाही.

शेवटी मी मुद्द्यावर आलो. इथून हलायचे कारण काय?

दिराने सांगितले होते, इद्दत संपली की बाहेर पड. बाहेर पडलीस की कुलूप लागेल आणि तुला आगबोटीत बसवून तुझ्या मुलखात धाडू. त्याआधी कुठे आसरा घेतलास, तर घर सोडून गेली असे चार लोकांत सांगेन. मग एक दिवस त्याने लाकडाची किंमत काढायला सुतार आणला. सुतार बाहेरून खांब मापत होता आणि तिला आत त्याच्या गजाचा टकटक आवाज ऐकू येत होता. दीर दापोलीला गेला त्या सकाळी तिने ओंडका वाजवला. नवरा होता तोवर मचवे दिसले की ती तो वाजवी, बायका पाट्या घेऊन धावत. त्या दिवशी बायका आल्या, पुरुषांना घेऊन आल्या. काय करायचे ते तिने आतूनच सांगितले.

"आणि तू? तू कुठे होतीस?" मी विचारले.

आत काठी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घरात. इद्दतीत घराबाहेर पाय टाकायचा न्हाय. मी टाकला न्हाय. घर चालला, तशी मी आत चालले. भुई बदलली, घर तोच होता."

ती मधली लहान पावले मला एकदम समजली. चार भिंती चाललेल्या आणि त्यांच्या आत एक विधवा, घर न सोडता, वाळूवरून चाललेली. जमादाराच्या हातून कागद घेऊन ते वाक्य मी स्वतः लिहिले.

दुसऱ्या दिवशी फिर्यादीला तिथेच बोलावले. ते तणतणत आले. माझ्या जमिनीवरचे घर म्हणजे माझी स्थावर मिळकत, गुन्हा दाखल करा, म्हणाले. मी पंचनामा वाचून दाखवला. एकही खड्डा नाही, एकही खांब रोवलेला नाही. घर दगडांवर ठेवलेले होते. म्हणजे ती जंगम वस्तू झाली. बापाने मुलीला दिलेली वस्तू मुलीने आपल्याबरोबर नेली, यात चोरी कुठली?

"मग माझा काय?" ते म्हणाले.

"तुमची जमीन जागेवर आहे," मी म्हणालो. "मी स्वतः तपासली."

त्यांनी शेवटचे हत्यार काढले. बाईने इद्दत मोडली, असे म्हणत गावच्या मुल्लांकडे गेले. मुल्ला वयोवृद्ध होते. सगळे ऐकून ते म्हणाले, बाई घरातच आहे. पुढे विषय वाढला नाही.

निघताना मी म्हातारीला विचारले, सगळी घरे समुद्राकडे तोंड करून असताना या घराचे दार डोंगराकडे का? तिने बोट दाखवले. उतारावर कबरस्तान होते. इद्दतीत बाईला नवऱ्याच्या कबरीवर जाता येईना, म्हणून घर टेकवताना तिने आतून एवढेच मागितले होते, की दार तिकडे करा. परत तिच्या मुलखात धाडले असते, तर त्या बाईचे काय हिरावले गेले असते, ते मला तेव्हा दिसले. घर हे निमित्त होते.

पुढच्या पावसाळ्याआधी माझी बदली झाली. जाण्यापूर्वी एकदा त्या वाटेने गेलो. छपरावर चढून कोणी माडाच्या झावळ्यांचे नवे झाप बांधत होते. बघतो तर आमचे फिर्यादी. मला पाहून ते ओशाळले, पण उतरले नाहीत. "माझा भाव ह्याच छपराखाली गेला, साहेब," एवढेच म्हणाले. खाली दारापाशी एक लहानखुरी बाई झाप वर देत होती. इद्दत संपली होती, ती उंबऱ्याबाहेर उभी होती. मी थांबलो नाही.

कायद्याच्या पुस्तकात स्थावर आणि जंगम यांच्यामध्ये एक रेघ आहे आणि ती मी जन्मभर मानली. पण घर कशावर उभे असते हे मला त्या पुळणीने शिकवले. निवृत्तीनंतर मी रत्नागिरीत घर बांधले, जांभ्या दगडाचे, पाया चांगला खोल. ते कोणी उचलून नेणार नाही. तरी संध्याकाळी ओट्यावर बसलो की कधीतरी मनात येते, आपण ओंडका वाजवला तर कोण कोण येईल? नोकरीत माणसे पकडली पुष्कळ. मग मी एकेक नाव घेऊन त्यांना खांबांशी उभे करत जातो. अजून दोन खांबांपलीकडे माणसे पुरत नाहीत. हल्ली मात्र मी शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो आहे.