हॉस्पिटलच्या गच्चीवरचा शत्रू

“हॉस्पिटल उडवायचं नाही,” मेजर मॅडम म्हणाल्या आणि माझी वाट लागली.

मी अंधेरीच्या एका गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे. लेव्हल म्हणजे गेममधला एक टप्पा. त्यातला नकाशा, शत्रू, अडथळे मांडायचं काम माझं. आमच्या युद्धाच्या गेममध्ये हॉस्पिटलच्या गच्चीवरून शत्रू गोळ्या झाडतो आणि खेळणारा तोफ डागून अख्खी इमारत पाडतो, असा टप्पा मी बनवला होता. शुक्रवारी तो क्लायंटकडून पास व्हायला हवा होता. नाही झाला तर प्रोजेक्ट बंद आणि आमची टीम घरी.

मेजर मॅडम सैन्याच्या कायदा विभागातून निवृत्त झालेल्या, मुलुंडला राहणाऱ्या. गेम खरा वाटावा म्हणून त्यांना सल्लागार नेमलं होतं. बाई युनिफॉर्मची बटणं तपासतील आणि जातील, असा आमचा अंदाज.

त्यांनी विचारलं, इमारतीवर एवढा मोठा लाल क्रॉस कशाला? मी म्हटलं, टार्गेट लांबून दिसावं म्हणून.

“लांबून दिसावा म्हणूनच तो लावतात गं,” त्या म्हणाल्या. “नेम दुसरीकडे वळावा म्हणून.”

मी वही उघडली.

मग त्यांनी नियम समजावला. हॉस्पिटलवर हल्ला करायचा नसतो. तिथून कुणी लढत असेल तर ते संरक्षण जाऊ शकतं, पण आधी इशारा द्यायचा आणि पुरेसा वेळ थांबायचं. त्यानंतरही आतल्या पेशंटना कमीत कमी झळ पोचेल असंच पाऊल उचलायचं.

आमचा बॉस समीर वैतागला. थांबायला लावलं तर खेळणारा बोअर होईल, म्हणाला. “आणि मॅडम, खऱ्या लढाईत तरी कोण थांबतं?”

“सगळे नाही थांबत. म्हणून तर कायदा करावा लागला.”

मॅडमचा आवाज अजिबात चढला नाही. पटत नसेल तर गेमच्या सल्लागारांतून माझं नाव काढा, एवढंच वर सांगितलं. समीरने डोकं धरलं, पण हो म्हणाला.

मी टप्पा नव्याने मांडला. भोंग्यावरून इशारा. मग थांबायचं. दारातून स्ट्रेचर येतात, सलाइन धरलेल्या नर्स येतात, मूल कडेवर घेतलेली बाई येते. गच्चीवरून गोळ्या सुरूच. आपण मात्र आडोशाला राहायचं. त्या माणसांच्या दिशेने एक गोळी गेली की मिशन फेल. सगळे बाहेर पडले की आत शिरून फक्त गच्ची ताब्यात घ्यायची.

आमचा टेस्टर कुणाल म्हणजे दिसेल त्यावर गोळी झाडणारा. पहिल्यांदा फेल. पुन्हा फेल. मग मात्र तो थांबला. शेवटचं स्ट्रेचर फाटकाबाहेर गेलं तेव्हा म्हणाला, “यार, ट्रिगरवरून बोटच काढून ठेवलं होतं मी.” समीर मागे उभा राहून स्ट्रेचर मोजत होता.

मला मॅडमचं फार कौतुक वाटलं. हातात बंदूक असताना कधी झाडायची नाही, हे सांगणारं खातं सैन्यात असतं आणि त्या खात्यात या बाईने अख्खी नोकरी केली, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

शुक्रवारी टप्पा पास झाला. क्लायंटचं करेक्शन एकच: थांबायचा वेळ वाढवा.

वाढवला. आता नवीन टप्पा मांडताना मी आधी माणसं कुठल्या दाराने बाहेर पडतील ते ठरवते. शत्रू नंतर ठेवते.