न उघडलेले चाळीस गेम

आमच्याकडे आलेला आहेर सहसा कुणी वापरत नाही. ब्लाऊजपीस आला की घडी न मोडता पेटीत, आणि पुढच्या कार्यात दुसरीच्या ओटीत. मी केजला ब्लाऊज शिवते, त्यामुळे कापड ओळखते. लिंबागणेशला दिलेला एक जांभळा पीस दोन वर्षांनी नांदूरघाटहून माझ्याच हातात परत आला. घडी तीच. यात कुणाला काही वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवून गेली. शेतीचा एक गेम शिकवून गेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यात कांदे लावते, काढते. बास. ती मात्र सणाला, वाढदिवसाला नवा गेम पाठवत राहिली. फोनवर विचारायची, "आवडला का?" मी म्हणायची, "लई छान हाय." आलेल्या वस्तूला छानच म्हणायचं असतं.

गेल्या रविवारी भाची बारावी पास झाल्याचे पेढे घेऊन आली. तिला रिकाम्या हाती कशी पाठवणार? मी पेटी उघडली. तोवर ती कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली होती.

"मावशी, एक्केचाळीस गेम! तुझे?"

"माझेच. घे त्यातला कुठलाही."

तिनं नाव वल्हवायचा एक निवडला. तो द्यायचा कसा हे विचारायला मी मुलीला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, ते देता येत नाहीत. तुझ्या नावावर आलेले तुझ्याच नावावर राहतात."

"कावून? कोरा हाय. उघडलेला बी न्हाई."

भाचीनं कपाळावर हात मारला. तेव्हा कळलं मी काय बोलले ते.

"माहितीये," मुलगी म्हणाली. "कोण किती खेळलं ते मला इकडं दिसतं. तुझ्या चाळीस गेमपुढं शून्य आहे. पहिल्यापासून."

माझं प्रत्येक 'लई छान' तिनं त्या शून्याकडे बघत ऐकलं होतं, आणि तरी पुढच्या सणाला पुन्हा गेम पाठवला होता! पेटीतलं कापड कधी असली चुगली करत नाही.

"मग बोलली कावून न्हाईस?"

"काय बोलू? तू तर छान म्हणायचीस."

भाचीनं मला पडद्यावर मुलीचे आकडे दाखवले. नावेच्या गेमपुढं वीस मिनिटं. दुसऱ्यापुढं दहा, तिसऱ्यापुढं पंधरा.

"तू तरी कुठं खेळलीस?" मी म्हणाले.

"ते दोघींनी खेळायचे आहेत, आई. दुसरं माणूस आल्याशिवाय नाव हलतच नाही. मी काठावर थांबायची, तू येतेस का बघत."

मी भाचीला उठवलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

"आत्ता मोकळी हायेस का?" मी विचारलं.

"आत्ता?"

"आत्ताच."

वल्हं कसं मारायचं ते भाचीनं दाखवलं. पहिल्याच वळणावर मी नाव खडकावर घातली. दोघी पाण्यात.

"आई, डावीकडं म्हणाले होते ना!"

"मग आधी वरडायचं!"

तेवढ्यात ब्लाऊज न्यायला एक बाई दारात आल्या. सोळा वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाला कधी तिष्ठत ठेवलं नव्हतं.

"बसा जरा ताई," मी मान न वळवता म्हणाले, "हात गुंतलेत."